आकड्यांचे चित्र: कसे वाचावे, कसे काढावे

(अल्पबचतदारांसाठी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गुंतवणुकीचे कोणतेही माहितीपत्रक हातात घ्या. पहिल्या पानावर मोठे चित्र असते आणि शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत आकडे असतात. आपण चित्र पाहतो, माहितीपत्रक देणाऱ्याचे बोलणे ऐकतो आणि सही करतो. शेवटचे पान घरी जाऊन वाचू म्हणतो आणि ते राहून जाते.

मराठी माणूस आज देशभर आहे. इंदूर, बडोदे, हैदराबाद, बेंगळुरू, दिल्ली, कुठेही बघा. तिथल्या बँकेतला फलक कधी हिंदीत, कधी गुजरातीत, कधी कानडीत, कधी नुसता इंग्रजीत. भाषा अडली की आपली भिस्त चित्रावर. म्हणून आजचा विषय चित्राचा आहे. आकड्यांचे चित्र नीट वाचता आले, आणि गरज पडली तर स्वतः काढता आले, तर फसगत टळते आणि चांगली योजनाही ओळखू येते.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. आकड्यांचे प्रत्येक चित्र कोणत्या तरी एका प्रश्नाचे उत्तर असते. प्रश्न आपला असेल तर चित्र आपल्या कामाचे. प्रश्न विकणाऱ्याचा असेल, तर चित्रातला प्रत्येक आकडा खरा असूनही ते आपल्या कामाचे नसते. आज आपण सहा-सात चित्रे पाहणार आहोत. मी फळ्यावर काढतो, तुम्ही वहीत काढा. पुस्तिकेतून हे वाचणाऱ्यांनी चौकटींचा कागद आणि पेन्सिल जवळ ठेवावी. स्वतः काढलेले चित्र छापलेल्या चित्रापेक्षा जास्त लक्षात राहते.

चित्र का काढतात?

१७८६ मध्ये विल्यम प्लेफेअर नावाच्या स्कॉटिश माणसाने व्यापाराच्या आकड्यांचे एक पुस्तक छापले. आयात किती, निर्यात किती, हे त्याने तक्त्यांऐवजी रेषांनी आणि स्तंभांनी दाखवले. आज वर्तमानपत्रात दिसणारे रेषालेख आणि स्तंभालेख त्याच वाटेने आले. त्यामागचे कारण साधे आहे. तक्त्यातले शंभर आकडे वाचून लक्षात ठेवणे कठीण; पण दोन काठ्यांपैकी लांब कोणती, हे लहान मूलही सांगते.

त्यानंतर जवळजवळ दीडशे वर्षांनी, १९२५ मध्ये, व्हिएन्ना शहरात ऑटो नॉयराथ यांनी एक संग्रहालय सुरू केले. कामगार आणि सामान्य नागरिक यांना देशाचे आकडे समजावेत, हा त्याचा हेतू. त्यांनी एक नियम पाळला: संख्या जास्त असेल तर चित्र मोठे काढायचे नाही, तेवढ्याच आकाराची चित्रे जास्त काढायची. दहा हजार माणसांना एक बाहुली, तर वीस हजारांना दोन बाहुल्या. एक मोठी बाहुली नाही. हा नियम लक्षात ठेवा, थोड्याच वेळात तो आपल्याला उपयोगी पडणार आहे.

आपल्याकडचे उदाहरण म्हणजे फ्रिजवरचे तारे. वीज किती युनिट लागते हे बहुतेकांना वाचायचे नसते, पण पाच तारे आणि दोन तारे यांतला फरक दुकानात उभ्याउभ्या कळतो. ग्राहकाचा प्रश्न असतो, ‘यातले वीज कमी खाणारे कोणते?’ आणि चित्र नेमके त्याचेच उत्तर देते.

पहिले चित्र: दोन बँकांचे व्याज

समजा, एक बँक वर्षाच्या मुदत ठेवीवर ७ टक्के व्याज देते आणि दुसरी सव्वासात टक्के. दुसऱ्या बँकेच्या फलकावर दोन स्तंभ आहेत. तिचा स्तंभ शेजारच्या स्तंभाच्या साडेतीनपट उंच दिसतो. आकडे खोटे आहेत का? नाही. मग उंची अशी का?

स्तंभांच्या तळाशी बघा. मोजणी शून्यापासून सुरू होत नाही, ६.९ पासून होते. मग ७ चा स्तंभ उरतो ०.१ उंचीचा आणि ७.२५ चा ०.३५ उंचीचा. साडेतीनपट फरक तिथून आला. आता तुमच्या वहीत शून्यापासून काढा. एका टक्क्याला एक सेंटिमीटर धरा. एक स्तंभ सात सेंटिमीटरचा, दुसरा सव्वासात. फरक पेन्सिलीच्या टोकाएवढा. एक लाखाच्या ठेवीवर वर्षाला हा फरक २५० रुपयांचा आहे.

२५० रुपये सोडावेत असे मी म्हणत नाही. पण ठेवीदाराचा आणखी एक प्रश्न असतो: बँक अडचणीत आली तर माझे किती पैसे विम्याच्या छत्राखाली आहेत? फेब्रुवारी २०२० पासून ठेव विम्याची मर्यादा एका बँकेत एका ठेवीदारामागे ५ लाख रुपये आहे, आणि त्यात मुद्दल व व्याज दोन्ही धरतात. म्हणून आणखी एक चित्र काढा. प्रत्येक बँकेतल्या तुमच्या सर्व ठेवींचा मिळून एक स्तंभ, आणि ५ लाखांच्या उंचीवर एक आडवी रेघ. कोणता स्तंभ रेघेच्या वर जातो ते पाहा. एकाच बँकेच्या दोन शाखांतल्या ठेवी एकाच स्तंभात धरायच्या, कारण मर्यादा बँकेमागे आहे, शाखेमागे नाही. पाव टक्क्याच्या चित्रापेक्षा हे चित्र तुमच्या जास्त कामाचे.

दुसरे चित्र: लहान पिशवी, मोठी पिशवी

आता एक नमुना योजना घेऊ. दरवर्षी १० हजार रुपये भरायचे, असे दहा वर्षे. म्हणजे एकूण १ लाख. पहिला हप्ता भरल्यापासून वीस वर्षांनी हातात २ लाख. माहितीपत्रकावर पैशांच्या दोन पिशव्या. लहान पिशवीवर ‘१ लाख’, मोठीवर ‘२ लाख’. खाली ठळक अक्षरांत: ‘पैसे दुप्पट!’

मोठी पिशवी लहान पिशवीच्या दुप्पट उंच काढलेली असते. पण उंची दुप्पट केली की आकार बिघडू नये म्हणून रुंदीही दुप्पट करतात. मग कागदावर ती चौपट जागा व्यापते. फुगीर, भरीव काढली तर डोळ्याला ती आठपट भासते, कारण खरी पिशवी तिन्ही बाजूंनी दुप्पट असती तर तिच्यात आठपट माल मावला असता. वाढ दुप्पट आणि ठसा चौपट-आठपट. नॉयराथ यांचा नियम इथे कामी येतो. एक लाखाला एक पिशवी, तर दोन लाखांना तशाच दोन पिशव्या.

पण पिशव्यांच्या चित्रात याहून मोठी उणीव आहे. त्यात वेळ कुठेच दिसत नाही. दुप्पट झाले, पण किती वर्षांत? त्यासाठी वहीत वीस घरांची एक आडवी पट्टी काढा, एका घराला एक वर्ष. पहिला हप्ता पूर्ण वीस घरे चालतो. दुसरा एकोणीस. असे करत दहावा हप्ता अकरा घरे चालतो. वीस आणि अकरा यांची सरासरी साडेपंधरा. म्हणजे तुमचा रुपया सरासरी साडेपंधरा वर्षे त्यांच्याकडे राहिला आणि मग दुप्पट झाला.

आता ७२ चा ठोकताळा वापरा. ७२ ला वर्षांनी भागले की दुपटीचा दर साधारण कळतो. ७२ भागिले साडेपंधरा, म्हणजे साडेचारच्या थोडे वर. काटेकोर चक्रवाढ हिशेब केला तरी या योजनेचा दर वर्षाला साडेचार टक्क्यांच्या आसपासच येतो. हेच हप्ते ७ टक्क्यांनी वाढले असते तर विसाव्या वर्षाच्या शेवटी सुमारे २ लाख ९० हजार झाले असते. पिशव्यांच्या चित्राने ‘किती पट?’ याचे उत्तर दिले. तुमचा प्रश्न ‘वर्षाला किती टक्के?’ हा होता.

अशा योजनेत विम्याचे संरक्षण असेल तर त्याचीही किंमत असते, हे मान्य. मग ती किंमत वेगळी विचारा. तेवढ्याच रकमेच्या निव्वळ मुदत विम्याचा हप्ता किती, तो शेजारी लिहा आणि मग तुलना करा.

तिसरे चित्र: चढत जाणारी रेघ

शेअर बाजाराचे नाव काढले की चढती रेघ दिसते. सेन्सेक्सचे उदाहरण घेऊ. या निर्देशांकाचे आधारवर्ष १९७८-७९ आणि तेव्हाचे मूल्य १०० मानले आहे. त्यानंतर तो हजारपटींच्या जवळ जाईपर्यंत वाढला, ही गोष्ट खरी. पण रेघ कुठून सुरू केली यावर चित्र अवलंबून असते.

जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१ हजारांच्या आसपास होता. मार्च २००९ मध्ये तो ८ हजारांच्या थोडा वर इतका खाली आला. नोव्हेंबर २०१० मध्ये पुन्हा २१ हजारांच्या जवळ पोचला. आता दोन विक्रेते कल्पा. पहिला मार्च २००९ पासून रेघ काढतो आणि म्हणतो, ‘वीस महिन्यांत पैसे अडीचपट!’ दुसरा जानेवारी २००८ पासून काढतो आणि म्हणतो, ‘जवळजवळ तीन वर्षांत वाढ शून्य!’ दोघांचे आकडे खरे आहेत. म्हणून चढती रेघ दाखवली की आधी डावे टोक पाहा. ही तारीख का निवडली, असे विचारा. आणि तीच रेघ आणखी पाच वर्षे मागून सुरू करून दाखवा, असे सांगा.

याच रेघेत दुसरी खोच आहे. बातमीत ऐकतो, ‘सेन्सेक्स अमुक अंशांनी कोसळला.’ तीन तारखा फळ्यावर लिहितो.

२८ एप्रिल १९९२: ५७० अंशांची घसरण, सुमारे १२.८ टक्के.
२३ मार्च २०२०: सुमारे ३,९३५ अंशांची घसरण, १३ टक्क्यांहून थोडी अधिक.
४ जून २०२४: सुमारे ४,३९० अंशांची घसरण, ५.७ टक्के.

अंशांचे स्तंभ काढले तर २०२४ चा सर्वांत उंच आणि १९९२ चा अगदी बुटका. टक्क्यांचे स्तंभ काढा. १९९२ आणि २०२० जवळजवळ सारखे, आणि २०२४ त्यांच्या निम्म्याहूनही कमी. ज्याचे १ लाख रुपये सेन्सेक्सच्याच प्रमाणात गुंतलेले होते, त्याचे १९९२ च्या त्या एका दिवशी जवळपास १२,८०० रुपये गेले आणि २०२४ च्या त्या दिवशी सुमारे ५,७०० रुपये. घरच्या पैशाला टक्क्यांची भाषा कळते, अंशांची नाही.

म्हणूनच चाळीस वर्षांची लांब रेघ साध्या मापाने काढली तर जुन्या घसरणी दिसेनाशा होतात. सोळा सेंटिमीटर उंचीच्या कागदावर ८० हजार अंश बसवले तर ५७० अंश म्हणजे जेमतेम एक मिलिमीटर. पाहणाऱ्याला वाटते, पूर्वी बाजार शांत होता. तज्ज्ञ मंडळी अशा वेळी गुणोत्तराची मापनपट्टी वापरतात. तिच्यात १०० चे २०० होणे आणि ४०,००० चे ८०,००० होणे यांना सारखीच उंची मिळते, कारण दोन्ही दुपटीच आहेत. लांब मुदतीचा आलेख दिसला तर ही पट्टी वापरली आहे का, एवढे विचारावे.

उभ्या अक्षावरचे एककही वाचा. परदेशी धाटणीच्या अ‍ॅपवर ‘मिलियन’ लिहिलेले असते. १० लाख म्हणजे एक मिलियन, १०० कोटी म्हणजे एक बिलियन. स्वल्पविरामाची जागाही बदललेली असते. घाईत शून्य चुकते आणि अंदाज दहापट इकडेतिकडे होतो.

चौथे चित्र: कर्जाच्या पायऱ्या

बचतीइतकेच कर्जाचे चित्र महत्त्वाचे, कारण वाचलेले व्याज हीदेखील बचतच. समजा, १२ हजारांचे कर्ज घेतले. सांगणारा म्हणतो, ‘दरमहा फक्त एक टक्का, म्हणजे वर्षाला बारा.’ परतफेड बारा हप्त्यांत: दरमहा १,००० मुद्दल आणि १२० व्याज. वर्षभरात व्याज १,४४० रुपये. १२ हजारांचे १२ टक्के १,४४० होतात, मग हिशेब बरोबर वाटतो.

चौकटींच्या कागदावर काढून बघा. घरी चिंचोके असतील तर तेही चालतील. एका चिंचोक्याला हजार रुपये. पहिल्या महिन्यात तुमच्या हाती १२ हजार आहेत, तेव्हा बारा चिंचोके उभे लावा. एक हप्ता फेडल्यावर दुसऱ्या महिन्यात ११. मग १०, मग ९. शेवटच्या महिन्यात एकच. उतरत्या पायऱ्या तयार झाल्या. सगळे चिंचोके मोजा: ७८ भरतात.

आता व्याज कशावर लावले ते पाहा. दर महिन्याला पूर्ण १२ हजारांवर. म्हणजे बारा गुणिले बारा, १४४ चिंचोक्यांवर. वापरायला मिळाले ७८ आणि व्याज दिले १४४ चे. हिशेब मांडला तर खरा दर वर्षाला बावीस टक्क्यांच्या आसपास जातो. बँकेच्या घटत्या शिल्लक पद्धतीने काटेकोर मोजला तर साडेएकवीस येतो. दोन्ही आकडे बारापासून फार दूर आहेत.

पूर्ण रकमेवर असा दर लावण्याला सरसकट दर किंवा फ्लॅट दर म्हणतात. तो बेकायदा आहे असे नाही, पण घटत्या शिल्लकेच्या दराशी त्याची थेट तुलना करता येत नाही. रिझर्व्ह बँकेने यासाठी एक सोय केली आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि वित्त कंपन्यांना किरकोळ कर्ज देताना ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ म्हणजे मुख्य माहितीचा तक्ता द्यावा लागतो, आणि त्यात सर्व शुल्के धरून वार्षिक टक्केवारी दर लिहावा लागतो. कर्जावर सही करण्याआधी तो कागद मागून घ्या आणि तो एकच आकडा शोधा.

पाचवे चित्र: शंभर ठिपके

ठिपक्यांची रांगोळी आपल्याला नवी नाही. दहा ओळी, प्रत्येक ओळीत दहा ठिपके. शंभर ठिपके म्हणजे शंभर माणसे.

समाजमाध्यमांवर एखादा तरुण सांगतो की फ्युचर्स आणि ऑप्शन्सच्या व्यवहारांत त्याने महिन्याला अमुक लाख कमावले. त्याचा आकडा खरा मानू. पण तो एक ठिपका आहे. बाकीचे नव्व्याण्णव कुठे आहेत?

सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये याचा अभ्यास प्रसिद्ध केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत शेअर बाजारातील या व्यवहारांत उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींचा तो अभ्यास होता. १०० पैकी ९३ जणांना तोटा झाला. व्यवहारांचा खर्च धरून तोट्याची सरासरी माणशी सुमारे २ लाख रुपये. खर्च वजा जाता १ लाखाहून अधिक नफा मिळवणारे १०० मध्ये एक.

आता रांगोळी रंगवा. ९३ ठिपके काळे करा. सात पांढरे राहतात. त्यांतल्या एकाभोवती गोल काढा. ‘९३ टक्के’ हे शब्द कानावरून जातात, पण नऊ ओळी पूर्ण काळ्या आणि दहाव्या ओळीतले तीन काळे पाहिले की पेन्सिल थांबते. या सभागृहात शंभर खुर्च्या असतील तर सात सोडून सगळ्या खुर्च्यांवरची माणसे पैसे गमावून घरी जातील, असा त्याचा अर्थ. जाहिरात तुम्हाला गोल केलेला ठिपका दाखवते. घरातल्या मुलाने ‘मीही करून बघतो’ म्हटले तर त्याच्यावर ओरडू नका. त्याच्यासमोर शंभर ठिपके काढा आणि विचारा, यांतला तू कोणता, हे आधी कसे ठरवणार?

सहावे चित्र: तांदळाची पोती

निवृत्त माणसाच्या मनात एकच काळजी असते: आजचे पैसे उद्या पुरतील का? रुपयांचे चित्र याचे उत्तर देत नाही, कारण रुपयाची लांबी दरवर्षी थोडी कमी होते. म्हणून मोजायला वस्तू घ्या.

समजा, तांदूळ आज ५० रुपये किलो आहे. १ लाखात २,००० किलो येतो, म्हणजे ५० किलोची ४० पोती. रिझर्व्ह बँकेचे महागाईचे लक्ष्य ४ टक्के आहे आणि वरची मर्यादा ६ टक्के. आपण सावधपणे ६ टक्के धरू. मग बारा वर्षांनी भाव साधारण १०० रुपये होईल. पुन्हा ७२ चा ठोकताळा: ७२ भागिले ६, बारा वर्षांत दुप्पट.

आता तीन ओळींत पोती काढा. कपाटात ठेवलेले १ लाख: बारा वर्षांनी २० पोती. बचत खात्यात ३ टक्क्यांनी ठेवलेले: रक्कम १ लाख ४२ हजारांवर जाते, पण पोती २८. मुदत ठेवीत ७ टक्क्यांनी, व्याजासकट पुन्हा गुंतवलेले: रक्कम सव्वादोन लाख, पोती सुमारे ४५. प्राप्तिकर यात धरलेला नाही. तो लागू असेल तर पोती आणखी कमी होतील.

रुपयांचे चित्र पाहिले असते तर वाटले असते, कपाटातले पैसे जागेवरच राहिले, बचत खात्यातले वाढले, ठेवीतले दुपटीहून जास्त झाले. पोत्यांचे चित्र सांगते की पहिले निम्म्यावर आले, दुसरेही घटले आणि तिसरे जेमतेम पुढे गेले. निवृत्तीनंतर वीस-पंचवीस वर्षे काढायची असतात, तेव्हा दुसऱ्या चित्रावरून ठरवावे.

सातवे चित्र: रिस्कोमीटर

म्युच्युअल फंडाच्या कागदावर गाडीच्या वेगमापकासारखी अर्धवर्तुळाकार तबकडी असते. तिला रिस्कोमीटर म्हणतात. २०१३ मध्ये सेबीने जोखीम दाखवण्यासाठी निळा, पिवळा आणि तपकिरी असे रंग ठरवले होते. २०१५ पासून रंगांच्या जागी पाच पातळ्यांची तबकडी आली आणि जानेवारी २०२१ पासून सहा पातळ्या झाल्या. ‘कमी’ पासून ‘अतिशय जास्त’ पर्यंत. फंड कंपनीला ही पातळी दरमहा तपासावी लागते आणि बदलली तर गुंतवणूकदाराला कळवावे लागते.

हे चित्र चांगले आहे, कारण प्रश्न गुंतवणूकदाराचाच आहे: ‘यात धोका किती?’ तरी त्याची हद्द ओळखावी. काटा परतावा सांगत नाही. ‘कमी’ म्हणजे शून्य धोका नव्हे. आणि काटा शेवटच्या पातळीवर असेल तर माझे लाखाचे किती होऊ शकतात, हेही त्यात नाही. म्हणून काटा पाहिल्यावर दुसरा प्रश्न विचारा: या फंडाच्या सर्वांत वाईट वर्षात किती टक्के घट झाली होती? तो आकडा घ्या, आपल्या रकमेवर लावा आणि रुपयांत लिहा. आणि लक्षात ठेवा, १०० चे ५० होताना ५० टक्के घट होते, पण ५० चे पुन्हा १०० होण्यासाठी १०० टक्के वाढ लागते. उतरायला आणि चढायला लागणारे टक्के सारखे नसतात.

तुम्ही दाखवणारे असाल तर

इथे काही जण बचत गट चालवतात, काही गृहनिर्माण संस्थांचे खजिनदार आहेत, काही बँक मित्र म्हणून काम करतात. तुम्हालाही इतरांसमोर आकडे मांडायचे असतात. तुमच्यासाठी थोडक्यात सांगतो.

एका चित्रात एकच प्रश्न ठेवा आणि तो प्रश्न चित्राच्या डोक्यावर वाक्यात लिहा. ‘गटाची बचत’ असे लिहू नका. ‘गेल्या बारा महिन्यांत गटाकडे किती जमा झाले?’ असे लिहा. स्तंभ शून्यापासून सुरू करा. संख्या वाढली तर चित्रे वाढवा, आकार वाढवू नका. प्रत्येक स्तंभावर त्याचा आकडा लिहा, म्हणजे डोळ्याला आणि हिशेबाला दोघांनाही पडताळा मिळतो. काळ कोणता आणि आकडे कोणत्या वहीतून घेतले, हे तळाशी लिहा. नुसत्या रंगांवर विसंबू नका, कारण झेरॉक्स काढली की लाल आणि हिरवा दोन्ही करडे होतात. एकात आडव्या रेघा भरा, दुसऱ्यात ठिपके. वृत्तालेख काढायचा तर तीन-चार भागांपलीकडे जाऊ नका. पोळीचे आठ तुकडे सारखे आहेत की नाहीत हे नजरेने सांगता येत नाही, आठ स्तंभांचे सांगता येते.

आणि शेवटी, चित्र भिंतीवर लावण्याआधी गटातल्या अशा एका बाईला दाखवा जिने हिशेब पाहिलेला नाही. यातून तुम्हाला काय कळले, असे विचारा. ‘कळले का?’ असे विचारू नका, त्याला सगळे ‘हो’च म्हणतात. ती सांगेल ते तुमच्या मनातल्या अर्थाशी जुळले तर चित्र तयार झाले. नाही जुळले तर चित्र बदला.

सही करण्याआधी पाच प्रश्न

आजचे सगळे विसरलात तरी हे पाच प्रश्न पुस्तिकेच्या मागच्या पानावर लिहून ठेवा.

१. मोजणी शून्यापासून सुरू होते का?
२. यात वेळ दिसतो का, आणि सुरुवातीची तारीख कोणी निवडली?
३. हा आकडा वर्षाला किती टक्के होतो?
४. शंभर जणांपैकी किती जणांना हे मिळाले?
५. हेच पैसे वस्तूंमध्ये मोजले तर किती भरतात?

विक्रेत्यासमोर हे विचारायला संकोच वाटतो, हे मला ठाऊक आहे. ‘एवढेही कळत नाही का?’ असे तो म्हणेल, ही भीती असते. पण पैसे तुमचे आहेत आणि प्रामाणिक माणसाला या प्रश्नांची उत्तरे द्यायला पाच मिनिटेही लागत नाहीत. उत्तर मिळाले नाही तर माहितीपत्रक घरी आणा, चौकटींचा कागद घ्या आणि शून्यापासून पुन्हा काढा. एक रात्र गेली म्हणून कोणतीही चांगली योजना पळून जात नाही.

आता वेळ प्रश्नोत्तरांचा. ज्यांनी आपापल्या योजनांचे कागद आणले आहेत, त्यांनी पुढे यावे. आपण त्यांची चित्रे फळ्यावर काढू.